चार रंगीत बाटल्यांचं विडाल स्लाइड किट : घ्यावं का, वापरावं कसं

लहान लॅबच्या फ्रिजमध्ये औषधालासुद्धा दुसरं काही नसलं तरी विडालचं, म्हणजे टायफॉइड शोधायच्या रक्ततपासणीचं, खोकं असतंच. आत साधारण पाच-पाच मिलिलिटरच्या चार बाटल्या : टायफी ओ, टायफी एच, पॅराटायफी ए-एच आणि बी-एच. सोबत एक पॉझिटिव्ह कंट्रोल, गोल आखलेली काचेची स्लाइड, ढवळायच्या काड्या आणि ड्रॉपर. ओ म्हणजे जंतूच्या भिंतीवरची साखर, एच म्हणजे त्याच्या शेपटीतलं प्रथिन. बहुतेक कंपन्या ओ निळ्या रंगात देतात आणि एच लाल रंगात. बाटलीत मारलेले, रंगवलेले साल्मोनेला जंतू असतात, त्यांनाच इथे अँटिजेन म्हणायचं. रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात) त्यांना धरणाऱ्या अँटिबॉडी असल्या की जंतू एकमेकांना चिकटतात आणि मिनिटाच्या आत डोळ्यांना दिसतील अशा गुठळ्या होतात. फर्नां विडाल यांनी १८९६ साली पॅरिसमध्ये ही तपासणी मांडली. तत्त्व आजही तेच आहे.

परीक्षण दोन भागांत करावं लागेल, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच किमतीत विकल्या जातात. किट म्हणून माल चांगला आहे : स्वस्त, टिकाऊ, मशिन लागत नाही, वीज गेली तरी अडत नाही. टायफॉइडचं निदान म्हणून मात्र पाचपैकी दोन तारे, तेही हात सैल सोडून. आणि बाकीचे तीन तारे न मिळण्याचं कारण बाटलीत फारसं नाही, ते माणसाच्या रक्तात आहे.

आधी हाताळणी, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायच्या. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आणि अँटिजेन गोठलं तर ती बाटली गेली. वितळल्यावर जंतू आपापसात गुठळ्या करतात आणि प्रत्येक रुग्ण पॉझिटिव्ह येऊ लागतो. वापरण्याआधी बाटल्या आणि सीरम दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बाटली हलक्या हाताने फिरवून तळाचा गाळ एकसारखा करा. सीरम साध्या ट्यूबमधलंच हवं. रक्त पूर्ण गोठायला अर्धा तास द्या आणि मगच सेंट्रिफ्यूज करा. घाई केली तर फायब्रिनचे धागे स्लाइडवर येतात आणि नवख्या डोळ्याला ते गुठळीसारखे वाटतात. लालसर झालेलं किंवा दुधाळ सीरम घेऊ नये. सीरम ५६ अंशाला तापवायची सवय काही जणांना इतर तपासण्यांमुळे लागलेली असते. इथे ते करायचं नाही.

चाळणी म्हणून एका गोलात सीरमचा एक थेंब आणि अँटिजेनचा एक थेंब, म्हणजे सुमारे ५० मायक्रोलिटर. गुठळी दिसली की अर्धपरिमाणात्मक पद्धत : पाच गोलांत सीरम ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर, प्रत्येकात अँटिजेनचा एक थेंब. हे अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि १:३२० इतकं पातळ केलेलं सीरम धरतात. ज्या शेवटच्या पायरीवर गुठळी दिसते ते टायटर. काडीने पूर्ण गोलभर पसरवा, स्लाइड हळूहळू हलवत राहा आणि बरोबर एका मिनिटाला चांगल्या उजेडात वाचा. मिनिट म्हणजे मिनिटच. दोन-तीन मिनिटांत कडा वाळायला लागतात, तिथे रंग दाणेदार होतो आणि निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो. पंख्याखाली तर हे आणखी लवकर घडतं. एकाच वेळी सहा रुग्णांच्या स्लाइड मांडून बसणाऱ्या टेक्निशियनच्या हातून शेवटच्या दोन स्लाइड नेहमीच उशिरा वाचल्या जातात.

५ मायक्रोलिटर हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा. ५ ते ५० च्या पिपेटची ती अगदी खालची मर्यादा. टोकाला बाहेरून चिकटलेलं सीरमसुद्धा हिशेब बिघडवायला पुरतं. शिवाय ड्रॉपर तिरका धरला की अँटिजेनचा थेंब लहान-मोठा पडतो. म्हणून १:१६० आणि १:३२० यांत एका पायरीचा फरक दिसला तर त्याला काही अर्थ नाही, तो तपासणीचा नेहमीचा हेलकावा आहे.

आणखी एक गोष्ट किटच्या माहितीपत्रकात ठळकपणे लिहायला हवी. बहुतेक खोक्यांतला पॉझिटिव्ह कंट्रोल चारही अँटिजेनशी गुठळी करतो. त्यामुळे अँटिजेन निकामी झालं आहे का हे कळतं, पण एच आणि ए-एच च्या ड्रॉपरची अदलाबदल झाली तर कंट्रोल मुकाट्याने पास होतो. दोन्ही बाटल्या लाल असतील तर ही चूक अजिबात अवघड नाही. ड्रॉपरवर पहिल्याच दिवशी मार्करने नाव घाला. आणि दररोज प्रत्येक अँटिजेनचा एक थेंब ०.८५ टक्के सलाइनबरोबर लावा. सलाइनमध्ये गुठळी झाली तर अँटिजेन स्वतःहून गोळा होतंय, त्या दिवशीचे रिपोर्ट थांबवा.

हे सगळं काटेकोर केलं तरी टायफॉइड नसलेल्या माणसाचं सीरम गुठळी दाखवतं. का?

एक कारण सरळ आहे. टायफीच्या ओ अँटिजेनमध्ये ९ आणि १२ हे घटक असतात. पॅराटायफी ए मध्ये २ आणि १२, पॅराटायफी बी मध्ये ४ आणि १२. अन्नविषबाधा करणाऱ्या साल्मोनेला एंटेरिटिडिसमध्ये तर पुन्हा ९ आणि १२. म्हणजे बाहेर खाल्लेल्या अंड्याच्या पदार्थातून पोट बिघडलेल्या माणसाचं टायफी ओ वर आलं, तर किटने चूक केलेली नाही. त्याच्यासमोर आलेली साखरेची साखळी खरोखरच तीच आहे.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि विडालवर टीका करणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ते नीट माहीत असतं. अँटिबॉडी म्हणजे एका लक्ष्यासाठी घडवलेलं हत्यार, असं चित्र आपल्या मनात असतं. ते चित्र संसर्गाच्या शेवटच्या टप्प्याचं आहे. सुरुवातीला हातात येतात त्या अँटिबॉडी ढिल्या पकडीच्या आणि अनेक गोष्टींना चिकटणाऱ्या असतात. माणसाच्या अस्थिमज्जेत नुकत्याच घडलेल्या बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) तपासल्या तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशींच्या अँटिबॉडी स्वतःच्याच शरीरातल्या घटकांना धरत होत्या, असं २००३ मध्ये दाखवलं गेलं. रक्तात पोहोचेपर्यंत यातल्या बऱ्याच गाळल्या जातात, पण सगळ्या नाहीत. अशा अँटिबॉडींचा पकडीचा भाग बहुधा लवचीक असतो, कधी त्यातली एक वेटोळी नेहमीपेक्षा लांब आणि धनभारित असते. त्यामुळे एकच अँटिबॉडी डीएनए, इन्सुलिन आणि जंतूच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड अशा एकमेकांशी नातं नसलेल्या तीन गोष्टी धरू शकते.

प्रत्येक पकड कमकुवत असते हे खरं. पण पहिल्या फळीतली अँटिबॉडी आयजीएम प्रकारची असते आणि तिला दहा हात असतात. साल्मोनेलाच्या पृष्ठभागावर तीच साखर शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येते. दहापैकी सहा-सात हात एकाच वेळी टेकले की कमकुवत पकडींची बेरीज भक्कम होते. गुठळीची तपासणी नेमकी हीच बेरीज मोजते. जंतू जोडण्याच्या कामात आयजीएम ही नंतर येणाऱ्या, दोनच हातांच्या आयजीजीपेक्षा कितीतरी पटीने सरस असते, म्हणून विडालचा ओ प्रामुख्याने आयजीएम दाखवतो. ज्या प्रकारच्या अँटिबॉडी सर्वांत कमी निवडक असतात, त्यांनाच ही पद्धत सर्वांत मोठ्याने ऐकते.

संसर्ग सुरू झाल्यावर या पेशी जाग्या कशा होतात, तेही पाहू. एरवी बी पेशीला अँटिजेनवर बऱ्यापैकी पकड बसली आणि टी पेशीची मदत मिळाली तरच ती पुढे जाते. जंतूंचे तुकडे मात्र टोल-लाइक रिसेप्टर नावाच्या दुसऱ्या दारानेही इशारा देतात, आणि मग जेमतेम पकड असलेल्या पेशीलासुद्धा वाढायची परवानगी मिळते. चोर आल्याची हाकाटी झाली की ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन अख्खी आळी बाहेर पडते, तसं. उंदरांना साल्मोनेला टायफीम्युरियम देऊन २०१५ मध्ये हेच तपासलं गेलं. अँटिबॉडी करणाऱ्या पेशींचा प्रचंड लोंढा आला. पण त्यांतल्या सुट्या सुट्या पेशींच्या अँटिबॉडी बनवून पाहिल्यावर साल्मोनेलाला मोजता येईल इतपत धरणाऱ्या फारच थोड्या निघाल्या. तरीही लोंढा अगदी आंधळा नव्हता : ज्या उंदरांमध्ये बी पेशींची विविधता मुद्दाम मर्यादित ठेवली होती, त्यांचा प्रतिसाद पडला. म्हणजे निवड होत होती, फक्त उंबरठा अगदी खाली होता.

पकड सुधारण्याचं काम एरवी लिम्फ गाठींतल्या आणि प्लीहेतल्या जर्मिनल सेंटरमध्ये चालतं. साल्मोनेलाच्या संसर्गात उंदरांमध्ये ही केंद्रं सुमारे महिनाभर उशिरा उभी राहतात. त्याच अभ्यासात दिसलं की जनुकांमधले बदल आणि निवड केंद्रांच्या बाहेरच सुरू होतात आणि त्यातून हळूहळू नेमक्या पकडीच्या अँटिबॉडी निघतात. हे उंदरांतलं चित्र माणसावर जसंच्या तसं बसवता येणार नाही. पण तापाच्या पाचव्या दिवशी काढलेल्या सीरममध्ये कसल्या अँटिबॉडी असतील याचा अंदाज त्यातून येतो, आणि पेशंटचं रक्त आपल्याकडे नेमकं याच दिवसांत विडालसाठी येतं.

हीच गोष्ट लॅबला इतर ठिकाणीही भेटते. मायकोप्लाझ्मा न्यूमोनियाच्या संसर्गात आयजीएम माणसाच्याच लाल पेशींवरच्या आय अँटिजेनला थंडीत धरते. मग सीबीसीत लाल पेशींची संख्या पडते, एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी) अशक्य वाटेल इतकं चढतं, आणि नमुना ३७ अंशाला गरम करून पुन्हा लावला की आकडे ठिकाणावर येतात. सिफिलिसची व्हीडीआरएल तर उभीच अशा अँटिबॉडीवर आहे. ती जंतूला शोधतच नाही, कार्डिओलिपिन या स्निग्ध घटकाला धरणाऱ्या अँटिबॉडी शोधते. म्हणून कुष्ठरोग आणि मलेरियातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

मलेरिया, टायफस, दुसऱ्या जंतूंचा रक्तातला संसर्ग, यकृताचा सिऱ्होसिस : या सगळ्यांत विडाल खोटी पॉझिटिव्ह येते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या टायफॉइड पुस्तिकेत नोंदलेलं आहे. यात आठवणीची भर पडते. कधीकाळी टायफॉइड झालेल्या किंवा टायफॉइड-पॅराटायफॉइडची जुनी टीएबी लस घेतलेल्या माणसात कुठल्याही तापाने एच पुन्हा वर येतं. म्हणून एकटं वाढलेलं एच जवळपास दुर्लक्षून टाकावं. ओ ला त्यामानाने वजन आहे.

विदर्भात यातून होणारं नुकसान कागदापुरतं राहत नाही. नागपूर भागात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली होती. अशा दिवसांत तापाच्या रुग्णाची विडाल १:१६० आली आणि त्यावर विसंबून सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू झालं, तर स्क्रब टायफसवर त्याचा उपयोग नाही. तिथे डॉक्सिसायक्लिन लागतं. गंमत अशी की स्क्रब टायफससाठी लहान लॅबमध्ये लावली जाणारी वाइल-फेलिक्स ही १९१६ ची तपासणीही परक्या लक्ष्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडींवरच चालते. बाटलीत प्रोटियस नावाचा वेगळाच जंतू असतो आणि ओएक्स-के प्रकाराची गुठळी झाली तर संशय स्क्रब टायफसचा. तिचीही भिस्त ठेवू नये, आयजीएम एलायझा मिळत असेल तर तीच करावी.

आकड्यांनी पाहायचं तर असं समजा : तापाचे १००० रुग्ण, त्यांतल्या ५० जणांना खरा टायफॉइड. किट खऱ्यांपैकी ७० टक्के पकडतं आणि इतरांपैकी ८० टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगतं, असं धरू. ३५ खरे पॉझिटिव्ह आणि १९० खोटे. पॉझिटिव्ह रिपोर्ट हाती असलेल्या सहा जणांत जेमतेम एकाला टायफॉइड. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण ज्या ओपीडीत प्रत्येक तापाला विडाल लिहितात तिथलं गणित याच वळणाचं असतं.

मग किट घ्यायचं असेलच तर त्यातून जास्तीत जास्त काय काढता येईल?

वेळ पाळा. ओ साधारण ताप आल्यापासून सहाव्या-आठव्या दिवशी दिसू लागतं, एच दहाव्या-बाराव्या दिवशी. तिसऱ्या दिवशीची विडाल निगेटिव्ह आली तरी टायफॉइड नाकारता येत नाही आणि पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा जुनी किंवा परकी. एकाच नमुन्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा पहिलं सीरम उणे २० अंशाला ठेवून द्या, सात ते दहा दिवसांनी दुसरं घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॉटच्या अँटिजेनने लावा. १:४० चं १:१६० झालं, म्हणजे चौपट, तर त्याला अर्थ आहे. अर्थात तोवर रुग्ण बरा झालेला असतो किंवा अँटिबायोटिकमुळे वाढ दबलेली असते. ही तक्रार रास्त आहे आणि तिला उत्तर नाही.

१:८० ला पॉझिटिव्ह म्हणायचं की १:१६० ला, हे माहितीपत्रकावरून ठरवू नये. जिथे टायफॉइड कायमचा मुक्कामाला आहे तिथे निरोगी माणसांतही टायटर असतं. जवळच्या रक्तपेढीशी बोलून शंभरेक निरोगी दात्यांचं सीरम आपल्याच किटवर लावा आणि ९५ टक्के लोक ज्याच्या खाली येतात ते टायटर शोधा. एवढं काम फार थोड्या लॅब करतात, आणि ज्या करतात त्यांचा रिपोर्ट वाचण्यासारखा असतो.

स्लाइडवर १:८० किंवा वर आलं तर ट्यूबवर पक्कं करा. पहिल्या ट्यूबमध्ये ०.९ मिलिलिटर सलाइन आणि ०.१ मिलिलिटर सीरम, त्यातून ०.५ मिलिलिटर पुढच्या ०.५ मिलिलिटर सलाइनमध्ये, असं करत उतरायचं. शेवटच्या ट्यूबमधलं ०.५ फेकायचं, मग प्रत्येकात ०.५ मिलिलिटर ट्यूबचं अँटिजेन. पहिली ट्यूब १:२० होते. रात्रभर ३७ अंशाला. ओ ची गुठळी बारीक, दाणेदार, तळाशी चटईसारखी पसरते. एच ची कापसाच्या पुंजक्यासारखी सैल असते आणि ट्यूब जोरात हलवली की मोडते, म्हणून वाचताना फक्त टिचकी मारायची. स्लाइडच्या अँटिजेनला पाणी घालून ट्यूबसाठी वापरू नका, दोन्हींची दाटी वेगळी असते.

पर्याय? आयजीएमच्या टायफिडॉट, ट्यूबेक्स यांसारख्या झटपट तपासण्या दिसायला आधुनिक आहेत, पण पाया तोच. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात टायफिडॉटची संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण) सुमारे ८४ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण) ७९ टक्के निघाली, ट्यूबेक्सची ७८ आणि ८७. ट्यूबेक्स थोडी हुशार आहे, कारण ती फक्त ओ-९ पाहते, सामायिक १२ नाही. तरी दोन्हींना पैसे जास्त आणि फायदा मर्यादित.

खरा पर्याय ब्लड कल्चर. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी, मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त. दोन मिलिलिटर घालून कल्चर निगेटिव्ह आलं तर दोष कल्चरचा नाही : टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू मुळातच फार विरळ असतात. पुरेसं रक्त घेऊनही साधारण ६० टक्क्यांच्या आसपासच रुग्ण सापडतात, हे मान्य करूनही तेच घ्यावं, कारण जंतू हातात आला की कोणतं औषध चालेल हेही कळतं. भारतातल्या टायफीवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालेल असं आता गृहीत धरता येत नाही आणि विडाल याबद्दल काहीच सांगू शकत नाही.

लसीबद्दल विचारणा होते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइड काँज्युगेट लस देण्याची मोहीम घेतली. खासगी दवाखान्यांतही ती दिली जाते. तिच्यात फक्त व्ही-आय हे आवरण असतं, ओ आणि एच नसतं. त्यामुळे या लसीने विडाल पॉझिटिव्ह यायचं कारण नाही. जिवंत जंतूंच्या तोंडावाटे घ्यायच्या टीवाय-२१ए लसीचं तसं नाही, तिने ओ वाढू शकतं.

उपचारानंतर ‘टायटर उतरलं का’ म्हणून विडाल पुन्हा करू नये. टायटर काही महिने राहू शकतं, एच तर त्याहून लांब, आणि ताप नसलेल्या माणसाला पुन्हा अँटिबायोटिक मिळतं ते याच रिपोर्टमुळे. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न छापता पद्धत स्लाइड की ट्यूब, चारही टायटर, आपल्या भागाची मर्यादा, तापाचा कितवा दिवस आणि अँटिजेनचा लॉट क्रमांक छापा. तापाचा दिवस नमुना घेतानाच विचारावा लागतो. तो रकाना फॉर्मवर नसेल तर आजच छापून घ्या.